टेक्ससमध्ये बार्नडोमिनियम बांधायचंय? परवाने आणि कागदपत्रं

लोखंडी सांगाडा, वर पत्रा, बाहेरून गोठ्यासारखं आणि आत चांगलं ऐसपैस घर. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी मंडळींपैकी कुणी शहराबाहेर जमीन घेतली की हा विषय निघतोच, आणि लगेच कुणीतरी सांगतं, ‘काउंटीत (म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर, जिल्ह्यासारख्या प्रशासनाखाली) परवाना लागत नाही.’ हे अर्धंच खरं आहे.

शहराच्या हद्दीत बांधकाम परवाना लागतोच. पत्रा नको असं मात्र शहराला सहसा म्हणता येत नाही. २०१९ च्या राज्य कायद्याने तो अधिकार काढून घेतला. अडवतात त्या खरेदीखतातल्या अटी. त्यामुळे इसार देण्याआधी त्या मिळवून वाचा.

हद्दीबाहेर खरी फाइल सेप्टिकची, म्हणजे घरचं सांडपाणी टाकीत घेऊन जागेवरच जिरवायच्या यंत्रणेची. अर्ज बहुधा काउंटीकडेच. सोबत खरेदीखत, जागेचा मोजणी नकाशा, यंत्रणेचा आराखडा आणि माती तपासणीचा अहवाल. तपासणीला परवानाधारक माणूसच लागतो. सांडपाणी जिरवायचं त्या पट्ट्याच्या दोन टोकांना तो खड्डे घेतो. डॅलस ते ऑस्टिन पट्ट्यात खाली बहुतेक काळी चिकणमातीच निघते, आपल्या कापसाच्या रानासारखी: पावसात फुगते, उन्हात भेगाळते. मग साधे चर चालत नाहीत, महागडी यंत्रणा बसवावी लागते. हीच माती पायाचा स्लॅबही तडकवते, म्हणून स्लॅबचं डिझाइन इंजिनिअरच्या शिक्क्याचंच घ्या. पत्र्याच्या किटबरोबर (जोडायच्या तयार सुट्या भागांबरोबर) आलेले नकाशे बहुधा वरच्या सांगाड्यापुरतेच असतात.

विहीर असेल तर सेप्टिकची टाकी तिच्यापासून किमान ५० फूट आणि पाणी जिरवायची जागा साधारण १०० फूट लांब हवी. दहा एकर किंवा जास्त जागेवर एकच घर असेल आणि यंत्रणा हद्दीपासून १०० फूट आत असेल, तर राज्याच्या नियमात परवान्यातून सूट आहे. पण काही काउंटींचे स्वतःचे नियम कडक असतात. लेखी विचारून घ्या.

जागा पूरक्षेत्रात येत असेल तर काउंटीचा वेगळा परवाना. राज्य महामार्गावरून आत वाट काढायची तर राज्य वाहतूक विभागाची परवानगी. काही काउंटींनी घरबांधणीच्या तीन तपासण्या लागू केल्या आहेत: काँक्रीट ओतण्याआधी, भिंती झाकण्याआधी आणि काम संपल्यावर. किनारपट्टीच्या १४ काउंट्यांत वादळ विम्यासाठी डब्ल्यूपीआय-८ दाखला, म्हणजे घर वादळवाऱ्याच्या नियमांप्रमाणे बांधल्याचा दाखला, लागतो. त्याची तपासणी काम चालू असतानाच होते, तेव्हा पाया खणण्याआधीच अर्ज टाका.

बँकेचं कर्ज हवं असेल तर कंत्राटदाराचा करार आणि खर्चाचा तपशील तयार ठेवा. आसपास अशी घरं विकली गेलेली नसतील तर बँकेसाठी घराचं मूल्यांकन करणारा अडतो. हे प्लॉट ठरवतानाच तपासलेलं बरं.

राहायला गेलात की होमस्टेड सवलतीचा (राहत्या घरावरच्या मालमत्ता करातल्या सवलतीचा) अर्ज ५०-११४ काउंटीच्या कर मूल्यांकन कार्यालयात द्या, ३० एप्रिलपर्यंत. सोबत नव्या पत्त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स. जमिनीला शेतीची करसवलत असेल, तर घर-अंगणाखालचा तुकडा त्यातून वगळला जातो, बाकीच्यावर शेती चालू ठेवावी लागते.