चिमणीचे साइडिंग बदलणे

चिमणीचे साइडिंग बदलणे : अमेरिका व कॅनडातील लाकडी सांगाड्याच्या घरांवर धुराड्याभोवती उभारलेल्या पेटीचे कुजलेले बाहेरचे आवरण, म्हणजे साइडिंग, उतरवून नवे बसवण्याचे काम. मराठी घरात चिमणी म्हणजे शेगडीवरचा धूर ओढणारे यंत्र. इथे छताबाहेर निघणारे धुराडे अभिप्रेत आहे. विटांच्या धुराड्याला साइडिंग सहसा नसते. पण कारखान्यात तयार झालेल्या घरातल्या शेकोटीला (फायरप्लेस) धूर बाहेर नेणारा धातूचा नळ असतो आणि तो झाकण्यासाठी दोन-बाय-चार इंची म्हणवणाऱ्या लाकडांचा पोकळ मनोरा रचतात. त्याला चेस म्हणतात. त्यावर प्लायवुड किंवा ओएसबीचे (लाकडाच्या चकत्या दाबून केलेले) तक्ते, त्यावर पाणीरोधक कागद आणि सर्वांत बाहेर साइडिंग, असे थर असतात.

खराब दिसते साइडिंग, पण दोष बहुधा दुसरीकडे असतो. चेसच्या डोक्यावर पत्र्याचे झाकण असते. ते साध्या जस्तलेपित पत्र्याचे आणि सपाट असले की त्यावर पाणी साचते, पत्रा गंजतो आणि पाणी आतल्या आत तक्त्यांवरून उतरते. साइडिंगवरचे तपकिरी ओघळ ही त्याची खूण. दुसरी जागा छत आणि चेस मिळतात ती. तिथे शिंगलच्या (छतावरच्या चपट्या तुकड्यांच्या) प्रत्येक ओळीबरोबर पत्र्याचा एकेक काटकोनी तुकडा विणावा लागतो, कौलांसारखा वरचा खालच्यावर. याला स्टेप फ्लॅशिंग म्हणतात. चेसची आढ्याकडची बाजू ३० इंचांहून रुंद असेल, तर तिच्यामागे पाणी दोन्हीकडे वळवणारे छोटे दुपाखी छत, म्हणजे क्रिकेट, हवे; ते नसेल तर पाने आणि बर्फ तिथेच अडकतात. झाकण आणि फ्लॅशिंग तसेच ठेवून नुसते साइडिंग बदलणे म्हणजे गळक्या छताखाली भिंत रंगवणे.

म्हणून माणूस निवडताना पाहायचे ते हेच. धुराडे साफ करणारा, छतवाला आणि साइडिंगवाला असे तीन धंदे इथे एकमेकांत गुंततात आणि गळती राहिली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तिन्ही कामे एकाच करारात घेणारा कंत्राटदार बरा. अंदाजपत्रकात झाकणाचा धातू व जाडी (२४ गेजचे स्टेनलेस स्टील चांगले), नवे फ्लॅशिंग आणि कुजलेल्या तक्त्यांचा प्रति तक्ता दर लिहून घ्यावा. तक्ते किती कुजलेत हे उघडल्याशिवाय कळत नाही. दर आधी ठरलेला नसेल तर बिल तिथेच फुगते. दायित्व विमा आणि कामगार-भरपाई विमा यांची प्रमाणपत्रे मागावीत, कारण माणूस उंच छतावर चढणार असतो.

परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात गृहसुधारणेच्या कामाला १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यांपैकी कमी असेल तेवढीच आगाऊ रक्कम सर्वसाधारणपणे घेता येते. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत अशा कंत्राटदाराची नोंदणी आवश्यक असते आणि ५०० डॉलरांवरील कामाला लेखी करार लागतो. घर १९७८ पूर्वीचे असेल, तर जुन्या रंगात शिसे असू शकते. तेव्हा त्यासाठी प्रमाणित असलेलीच कंपनी घ्यावी.

सामानाचा हिशेब सोपा आहे. छतावरच्या भागासह २० फूट उंच, ५ फूट रुंद व अडीच फूट खोल चेसचा घेर १५ फूट, म्हणजे क्षेत्रफळ ३०० चौरस फूट. या धंद्यात १०० चौरस फुटांना एक ‘स्क्वेअर’ म्हणतात. हे तीन स्क्वेअर झाले. तुकड्यांच्या नासाडीसाठी १० ते १५ टक्के जास्त धरावे. सगळे तक्ते बदलायचे झाले तर ४×८ फुटांचे दहा लागतात, शिवाय चार कोपऱ्यांच्या पट्ट्या. एवढ्या अरुंद भिंतीवर साइडिंगच्या फळ्यांना मध्ये सांधा लागतच नाही. दिसलाच तर उरलेसुरले तुकडे वापरलेत असे समजावे.

तक्ते उघडले की आत पाहून घ्यावे, ही संधी पुन्हा मिळत नाही. नळ आणि लाकूड यांत उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा, बहुधा २ इंच, शिल्लक हवी. वरून सरकलेले इन्सुलेशन (उष्णतारोधक भरण) नळाला टेकले असेल तर आगीचा धोका असतो. मग नवे तक्ते, फ्लॅशिंग आणि त्याच्या उभ्या कडेवरून खाली येणारा कागद. हा क्रम उलटला आणि पत्रा कागदावर आला की पाणी थेट लाकडात जाते. साइडिंग फायबर सिमेंटचे (तंतू मिसळलेल्या सिमेंटचे) असेल तर त्याच्या फळ्या एकमेकींवर सव्वा इंच चढवतात, कापलेल्या कडांना प्रायमर लावतात आणि छतापासून १ ते २ इंच वर थांबवतात. ही फट पाहून पुष्कळजण तिथे सीलंट भरतात. तसे केले की पाणी अडकते आणि खालची फळी पुन्हा फुगते. फायबर सिमेंट कापताना सिलिकाची धूळ उडते. तिच्यासाठी धूळ ओढणारी करवत किंवा कातर वापरतात.

शेवटचा हप्ता पाण्याची चाचणी झाल्यावर द्यावा. पाण्याच्या रबरी नळीने खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचे, प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे थांबायचे. वरून सुरुवात केली तर गळती नेमकी कुठली हे कळत नाही.