मॅमोग्रामवरील सौम्य व कर्करोगी विकृतींचे भेदनिदान

स्तनाच्या कमी ऊर्जेच्या क्षकिरणचित्रात (मॅमोग्राममध्ये) आढळलेली विकृती साधी आहे की कर्करोगाची, हे तिचा आकार, कडा, घनता, तिच्यातील कॅल्शियमचे कण आणि भोवतालच्या ऊतकांची मांडणी यांवरून अजमावतात. त्यासाठी प्रत्येक स्तन दाबून एक चित्र वरून आणि एक तिरके घेतात. चित्रावरून ठरते ती शक्यता. कर्करोगाचे अंतिम निदान बायोप्सीनेच (ऊतकाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीनेच) होते.

कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांचे महत्त्व प्रथम कोणी ओळखले, याबाबत एकवाक्यता नाही. बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांची क्षकिरणचित्रे अभ्यासली आणि त्यांत दिसलेल्या बारीक काळ्या ठिपक्यांची, म्हणजे या कणांची, नोंद केली. श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते. परंतु त्या ठिपक्यांचे निदानमूल्य त्यांच्या ध्यानी आले होते, असे त्यांच्या नोंदीवरून म्हणणे कठीण आहे. उरुग्वेचे राऊल लेबोर्ने यांनी १९५० च्या आसपास स्तन दाबून घेतलेल्या चित्रांत मिठाच्या बारीक कणांसारखे दिसणारे पुंजके कर्करोगाशी जोडले आणि सौम्य विकृतींतील कणांपासून ते वेगळे काढले. भेदनिदानाचा आरंभ येथून मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

हे कण रासायनिक दृष्ट्या दोन प्रकारचे असतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे कण बहुधा सौम्य विकृतींत सापडतात, तर कॅल्शियम फॉस्फेटचे (हायड्रॉक्सीॲपेटाइटचे) दोन्हींत. ऑक्झलेट नेहमीच्या रंजकाने रंगत नाही व ध्रुवित प्रकाशातच चमकते; त्यामुळे चित्रात स्पष्ट दिसलेले कण बायोप्सीच्या काचपट्टीवर ‘नाहीत’ असा अहवाल येऊ शकतो. चित्रावर मात्र रसायन दिसत नाही, आकारच पाहावा लागतो. फायब्रोॲडेनोमा (तंतुमय व ग्रंथीय ऊतकांची सौम्य गाठ) जुना झाला की त्यात लाहीसारखे जाड कण साठतात. रोहिणीच्या भिंतीत रुळांसारख्या दोन समांतर रेघा उमटतात. मेदाच्या मृत ऊतकाभोवती अंड्याच्या टरफलासारखे पातळ कवच धरते. सूक्ष्म पुटीतील (द्रवाने भरलेल्या पिशवीतील) कॅल्शियमचा गाळ वरून घेतलेल्या चित्रात पुसट गोल डाग वाटतो आणि बाजूच्या चित्रात कपाच्या तळाशी बसल्यासारखी चंद्रकोर होते. ही खूण पटली, तर बायोप्सीची गरज उरत नाही. याउलट अर्ध्या मिलिमीटरहून लहान, आकाराने एकमेकांशी न जुळणारे किंवा दुग्धनलिकेच्या साच्यात ओतल्यासारखे बारीक, शाखायुक्त कण नलिकेतील कर्करोगाची दाट शंका निर्माण करतात.

गाठींबाबत कडा सर्वांत बोलकी असते. मेदार्बुद (मेदाची गाठ), दूधपुटी यांसारख्या मेदयुक्त व रेखीव गाठी सौम्यच समजतात. काटेरी कडा कर्करोग सुचवते. तथापि शस्त्रक्रियेचा व्रण, मेदमृत्यू आणि अरीय व्रण (केंद्रापासून ताऱ्यासारखी पसरलेली सौम्य विकृती) हेही तसेच दिसू शकतात. गाठीभोवतीचे काळे वलय पूर्वी सौम्यतेची ग्वाही मानले जाई. आज तसे मानत नाहीत, कारण श्लेष्मल (चिकट द्रव स्रवणाऱ्या) व ट्रिपल-निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व एचईआर२ या तिन्हींचे ग्राही नसलेल्या) कर्करोगांच्या कडाही कधीकधी गुळगुळीत असतात. घन ऊतके व गाठ दोन्ही चित्रात पांढरी दिसतात; अशा स्तनात पांढऱ्यावर पांढरे झाकले जात असल्याने सोनोग्राफी जोडावी लागते.

अहवालासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीची, १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रचारात आलेली बाय-रॅड्स पद्धती अनेक देशांत वापरतात; ती विकृतींना कर्करोगाच्या शक्यतेनुसार क्रमांकित वर्गांत बसवते. तिच्या तिसऱ्या वर्गात कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नसते व सहा महिन्यांनी पुन्हा चित्र घेतात. पाचव्यात ती किमान ९५ टक्के असते. चौथा वर्ग या दोहोंमधला म्हणजे फारच विस्तृत असल्याने त्याचे अ, ब, क असे पोटभाग पाडावे लागले. अमेरिकन क्षकिरणतज्ञ एडवर्ड सिकल्स यांनी १९९१ मध्ये ‘बहुधा सौम्य’ ठरविलेल्या ३,१८४ विकृतींचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांत १७ कर्करोग निघाले. तिसऱ्या वर्गाचा मुख्य आधार हाच.

भारतात क्षयजन्य स्तनशोथाची (क्षयरोगामुळे स्तनाला येणाऱ्या सुजेची) गाठही कर्करोगासारखी भासू शकते. हत्तीरोगाच्या प्रदेशांत, उदा., विदर्भाच्या पूर्व भागात, मेलेल्या कृमीवर कॅल्शियम साचून नागमोडी धागे दिसणे शक्य असते. ते दुग्धनलिकांच्या दिशेने स्तनाग्राकडे जात नाहीत, यावरून वेगळे ओळखता येतात.