मोरिस त्रँतिन्याँ

मोरिस त्रँतिन्याँ (३० ऑक्टोबर १९१७ – १३ फेब्रुवारी २००५) : फ्रेंच मोटारशर्यतपटू. फॉर्म्युला वन जागतिक अजिंक्यपदाची शर्यत जिंकणारा पहिला फ्रेंच चालक. १९५० ते १९६४ या काळात तो अजिंक्यपदाच्या ८२ शर्यतींत उतरला. त्यांतल्या दोन त्याने जिंकल्या, त्या दोन्ही मोनॅकोत.

दक्षिण फ्रान्समधील सँत-सेसील-ले-व्हीन्य हे त्याचे जन्मगाव. घराण्याचे द्राक्षमळे होते. पाच भावांत मोरिस धाकटा. थोरला भाऊ लुई शर्यतपटू होता. १९३३ मध्ये पेरॉन येथे सराव करताना बुगाटी मोटार उलटून त्याचा मृत्यू झाला. असे असूनही १९३८ मध्ये मोरिस बुगाटी घेऊनच शर्यतीत उतरला आणि १९३९ मध्ये बेल्जियममधील शिमे येथे विजयीही झाला.

मग युद्ध आले. त्याने गाडी एका कोठारात दडवून ठेवली. सप्टेंबर १९४५ मध्ये पॅरिसच्या ब्वा द बूलोन्य या वनात युद्धोत्तर फ्रान्समधील पहिल्या शर्यती झाल्या, तेव्हा ती बाहेर काढली; पण ती मध्येच बंद पडली. पाहतात तर इंधनाच्या टाकीत उंदरांच्या लेंड्या! युद्धाच्या वर्षांत उंदरांनी टाकीत घर केले होते. दक्षिणेकडच्या बोलीत लेंडीला ‘पेतूल’ म्हणतात. त्यावरून त्याला ‘पेतूले’ हे टोपणनाव पडले. त्याने ते आनंदाने स्वीकारले आणि पुढे आपल्या मळ्यातल्या वाइनलाही तेच नाव दिले.

१९४८ च्या स्विस ग्राँ प्री या मोठ्या शर्यतीत, बर्नजवळच्या ब्रेमगार्टन मार्गावर, तो मरता मरता वाचला. त्याच स्पर्धेत आकिल्ले व्हार्त्सी सरावात आणि क्रिस्तियान काउत्स शर्यतीत मरण पावले होते. गाडीतून बाहेर फेकला गेलेला त्रँतिन्याँ कित्येक दिवस बेशुद्ध होता. बरा होताच तो पुन्हा मोटारनिर्माता आमेदे गोर्दिनीच्या छोट्या, हलक्या गाड्या चालवू लागला. गोर्दिनीकडे पैशांची कायम चणचण असे, त्यामुळे गाड्या शेवटपर्यंत टिकतीलच याचा भरवसा नसे.

१९५४ मध्ये तो फेरारीकडे आला. त्या वर्षी होसे फ्रॉयलान गोन्झालेसच्या जोडीने त्याने ‘ल माँ’ची २४ तासांची शर्यत जिंकली. मुसळधार पावसात त्यांची ४.९ लिटरची फेरारी जग्वारच्या पाठलागाला पुरून उरली. अखेरच्या थांब्यावर इंजिन सुरू होईना, तेव्हा मात्र सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

२२ मे १९५५ ची मोनॅको ग्राँ प्री ही त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी शर्यत. सुरुवातीच्या रांगेत तो नववा होता. मर्सेडीझच्या फांजिओ आणि मॉस यांच्यापुढे कोणाचे काही चालेल असे वाटत नव्हते. निम्म्या वाटेवर फांजिओची गाडी बिघडली. १०० पैकी ८० फेऱ्या झाल्यावर मॉसच्या इंजिनातून धूर निघाला. आघाडी आता लान्चियाच्या आस्कारीकडे जाणार, तोच तो गाडीसकट बंदरात कोसळला. आस्कारी पोहून बाहेर आला. चारच दिवसांनी मोन्झा येथे सराव करताना त्याचा अंत झाला. त्रँतिन्याँ मात्र पहिल्यापासून ठरवलेल्या वेगाने जात राहिला आणि दुसऱ्या आलेल्या कास्तेलोत्तीच्या सुमारे २० सेकंद आधी पोहोचला.

या विजयाला नशिबाचा विजय म्हणण्याची पद्धत आहे. ती अन्यायाची आहे. मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर १०० फेऱ्यांत गिअर शेकडो वेळा बदलावे लागत, ड्रम ब्रेक तापून निकामी होत. तिथे गाडी सांभाळून शेवटपर्यंत नेणे हेच कसब होते, आणि ते त्याच्याकडे होते. १८ मे १९५८ रोजी त्याने ते पुन्हा दाखवले. रॉब वॉकरच्या खासगी संघाची छोटी कूपर त्याच्याकडे होती. तिचे इंजिन चालकाच्या मागे होते आणि फेरारीच्या इंजिनापेक्षा लहान होते. पुढचे एकेक करून गळाले. मुस्सो आणि कॉलिन्स यांच्या फेरारी त्याच्या मागून आल्या. त्याच वर्षी अर्जेंटिनात मॉसनेही वॉकरच्या कूपरमध्ये विजय मिळवला होता. इंजिन मागे नेण्याचा काळ या दोन निकालांनी सुरू झाला. यानंतर फ्रेंच चालकाचा विजय थेट १९७१ मध्ये फ्रांस्वा सेव्हेरने मिळवला.

त्याचे एकूण गुण ७२.३३. हा अपूर्णांक जानेवारी १९५५ च्या अर्जेंटिना ग्राँ प्रीतला. असह्य उन्हामुळे चालकांनी आळीपाळीने गाड्या चालवल्या. त्रँतिन्याँचा दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या दोन्ही गाड्यांत वाटा होता आणि गुण तिघा-तिघांत विभागले गेले. १९५४ आणि १९५५ या दोन्ही वर्षी अजिंक्यपदाच्या क्रमवारीत तो चौथा होता. १९५६ मध्ये रँस येथे बुगाटीच्या नव्या टाइप २५१ ची एकमेव शर्यतही त्यानेच केली. ती गाडी १८ फेऱ्यांतच थांबली.

१९६४ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, स्वतःची बीआरएम ही ब्रिटिश गाडी घेऊन त्याने न्यूर्बुर्गरिंगच्या अवघड मार्गावर पाचवा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी तो ग्राँ प्रीतून निवृत्त झाला. पुढचे आयुष्य दक्षिणेत, द्राक्षमळ्यांत गेले. पेरिए पाण्याच्या झऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या व्हेर्जेझ या गावाचा तो काही काळ नगराध्यक्ष होता. विख्यात अभिनेते झाँ-लुई त्रँतिन्याँ हे त्याचे पुतणे. नीम येथे त्याचे निधन झाले.