हे संकेतस्थळ कोणाचे आणि कशासाठी?

जगातले पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत उभे केले आणि ६ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या ‘वर्ल्ड वाइड वेब’ या उपक्रमाची माहिती जाहीरपणे मांडली. त्याच्या मुखपृष्ठाची १९९२ सालची प्रत जपून ठेवलेली आहे. तीवर ना चित्र, ना बोधचिन्ह. पण पहिल्याच वाक्यात सांगितले आहे की दस्तऐवजांचे अफाट विश्व सर्वांना खुले व्हावे यासाठीचा हा उपक्रम आहे. खाली दुवे आहेत: काय काय उपलब्ध आहे, मदत कुठे मिळेल, कामात कोण माणसे आहेत, आजवरचा इतिहास काय, तुम्ही हातभार कसा लावू शकता. कोण आणि कशासाठी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका नजरेत मिळतात. तीस वर्षांनंतरही ही साधी गोष्ट अनेकांना जमत नाही, म्हणून तिचा प्रवास पाहायला हवा.

वेबच्या रचनेतच एक पेच होता. पुस्तक उघडणारा मुखपृष्ठावरून आत जातो. दुव्यावरून येणारा वाचक मात्र थेट मधल्याच पानावर उतरतो. बर्नर्स-ली यांना हे ठाऊक होते. लेखकांसाठी लिहिलेल्या सूचनांत त्यांनी आग्रह धरला होता की प्रत्येक पानावर सही करा, म्हणजे मजकुराची जबाबदारी कोणाची ते कळेल. वेबची पाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये सुरुवातीपासून शीर्षकासाठी ‘टायटल’ आणि लेखकाच्या नाव-पत्त्यासाठी ‘अॅड्रेस’ असे टॅग, म्हणजे मजकुराला लावायच्या खुणा, होत्या. पहिला सगळेच वापरतात. दुसरा जवळपास विस्मरणात गेला, हे मला या इतिहासातले मोठे नुकसान वाटते.

१९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा आणि १९९८ मध्ये गूगल ही शोधयंत्रे आली. शोधातून येणारे लोक मुखपृष्ठ न पाहताच आत शिरू लागले. नेमक्या त्याच काळात मुखपृष्ठांवर फ्लॅश या सॉफ्टवेअरमधली हलती दृश्ये आणि ती ओलांडून पुढे जाण्यासाठी ‘स्किप इंट्रो’चे बटण झळकत होते. म्हणजे मुखपृष्ठावर तमाशा, आणि आतल्या पानांवर मालकाचा पत्ता नाही.

यावर सर्वांत चिकाटीने बोलले ते वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन. २००२ मध्ये त्यांनी मुखपृष्ठासाठी जी सूत्रे दिली, त्यांत पहिला मान होता एका ओळीच्या परिचयाला: हे संकेतस्थळ काय करते ते एका वाक्यात लिहा. शीर्षकाबद्दलही त्यांचा सल्ला नेमका होता. सुरुवात संस्थेच्या नावाने करा, ‘वेलकम टू’ने नको, नाहीतर वाचकाच्या बुकमार्कच्या वर्णानुक्रमी यादीत तुम्ही ‘डब्ल्यू’खाली जाऊन बसाल आणि त्याला सापडणार नाही.

त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील बी. जे. फॉग आणि सहकाऱ्यांनी २,६८४ जणांना संकेतस्थळे दाखवून त्यांची विश्वासार्हता ठरवायला सांगितले. ४६.१ टक्के अभिप्रायांत दिसण्याचा, मांडणीच्या देखणेपणाचा उल्लेख होता. संकेतस्थळ चालवतो कोण, याचा उल्लेख फक्त ८.८ टक्के अभिप्रायांत. वाचक मालकाची चौकशी करतीलच असे नाही, हे यातून कळते. म्हणूनच ती माहिती न विचारता समोर ठेवण्याची जबाबदारी चालवणाऱ्यावर येते, असे मला ठामपणे वाटते.

कायदा या बाबतीत लवकर जागा झाला. जर्मनीने १९९७ च्या कायद्याने व्यावसायिक संकेतस्थळांना नाव-पत्ता देणे बंधनकारक केले. युरोपीय संघाच्या २००० सालच्या ई-कॉमर्स निर्देशाने नाव, प्रत्यक्ष पत्ता आणि ईमेल ‘सहज, थेट आणि कायम’ मिळाला पाहिजे असे ठरवले. यातून ‘कोण’चे उत्तर मिळाले; ‘कशासाठी’ तसेच राहिले. तळाशी बारीक अक्षरांत कंपनीचे पूर्ण नाव लिहिले की कायदा पाळला जातो, पण आलेल्या माणसाला इथे आपले काय काम होईल ते कळतेच असे नाही.

उद्देशाची बाजू उचलून धरली ती सुगम्यतेच्या, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वेब वापरता यावे यासाठीच्या, नियमांनी. डिसेंबर २००८ मधील डब्ल्यूसीएजी २.० या नियमावलीने पानाचे शीर्षक विषय किंवा उद्देश सांगणारे असावे, ही अट अगदी मूलभूत पातळीवर ठेवली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला पान उघडताच आधी शीर्षक ऐकू येते. तिथे नुसते ‘होम’ ऐकू आले, तर कुठे आलो हे समजायला त्याला पुढचे बरेच काही ऐकत बसावे लागते.

ब्राउझरनेही ओळख पटवून देण्याचा प्रयत्न केला. २००७ च्या सुमारास विशेष पडताळणीच्या प्रमाणपत्रांमुळे पत्त्याच्या पट्टीत संस्थेचे नाव हिरव्या रंगात दिसू लागले. वापरणाऱ्यांचे तिकडे लक्ष जात नाही असे आढळल्यावर २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने ते तिथून हटवले. त्याच पट्टीतल्या कुलपाच्या चिन्हाचीही तीच गत झाली. त्याचा अर्थ जोडणी कूटबद्ध आहे, म्हणजे मधल्या कोणाला मजकूर वाचता येत नाही, इतकाच. लोक मात्र त्यावरून पलीकडचा माणूस खरा आहे असे समजत. २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हही बदलले.

अमेरिकी सरकारच्या अनेक संकेतस्थळांवर आता वरच्या कडेला एक पट्टी असते: हे अमेरिकी सरकारचे अधिकृत संकेतस्थळ आहे. शेजारी ‘कसे ओळखाल’ असा दुवा. तो दाबला की ‘डॉट गव्ह’ हा पत्ता फक्त सरकारी संस्थांनाच मिळतो हे दोन वाक्यांत समजावलेले दिसते. ही पट्टी मुखपृष्ठापुरती नाही. आतल्या पानांवरही ती असते.