युनिकला फक्त शेजारच का दिसतो?

मोठ्या लॉग फाइलवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या घडामोडींच्या ओळीओळींच्या नोंदवहीवर, डुप्लिकेट ओळी गाळणारी युनिक (uniq) कमांड नुसती चालवायची आणि डुप्लिकेट ओळी जागच्या जागी पाहून चक्रावून जायचं, हे शेल (कमांड टाइप करून संगणकाला काम सांगायची सोय) शिकताना बहुतेकांचं एकदा तरी होतं. मग कुणीतरी सांगतं, 'आधी सॉर्ट कर', म्हणजे ओळी क्रमाने लाव. आपण करतो, काम भागतं, आणि आधी सॉर्टच का, हे विचारायचं राहून जातं.

युनिक आली ती युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९७३ साली. बेल लॅब्जमध्ये तेव्हा युनिक्स पीडीपी-११ वर चालायचं. ते १६ बिटांचं यंत्र, आणि १६ बिटांच्या पत्त्यात ६४ किलोबाइटच्या वर काही मावत नाही. आतापर्यंत वाचलेल्या सगळ्या ओळी लक्षात ठेवायच्या आणि नवी ओळ त्या सगळ्यांशी ताडून पाहायची, ही चैन परवडणारी नव्हती. म्हणून युनिक एका वेळी दोनच ओळी हातात धरते: मागची आणि आताची. सारख्या निघाल्या तर एक गाळते, नाहीतर पुढे सरकते. फाइल हजार ओळींची असो की शंभर कोटींची, तिला मेमरी तेवढीच पुरते.

सारख्या ओळी शेजारी आणून बसवणं हे मग सॉर्टचं काम. मेमरीत न मावणारी फाइल लावायची युक्ती जुनी आहे. तिच्या मुळाशी असलेला मर्ज सॉर्ट १९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी मांडला आणि टेपच्या जमान्यात तो घासूनपुसून पक्का झाला. मेमरीत मावेल तेवढा तुकडा उचलायचा, लावायचा, तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून ठेवायचा. असे सगळे तुकडे झाले की प्रत्येकाच्या फक्त डोक्यावरची ओळ पाहत ते एकमेकांत मिसळायचे. आजची सॉर्ट कमांडही मोठ्या फाइलवर हेच करते. म्हणूनच ती भर कामात 'डिस्कवर जागा नाही' म्हणून कोलमडते, तेव्हा दोष बहुधा तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरचा असतो. टी हा पर्याय देऊन ते फोल्डर मोकळ्या डिस्कवर नेता येतं.

या दोघींना जोडणारा पाइप, म्हणजे एका कमांडचा निकाल थेट दुसरीच्या हाती देणारी सोय, हीही त्याच सुमाराची. प्रोग्रॅम एकमेकांना बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे जोडता आले पाहिजेत, असं बेल लॅब्जच्याच डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं. केन थॉम्प्सन यांनी ते युनिक्समध्ये प्रत्यक्षात आणलं तेव्हा १९७३ उजाडलं होतं. लगेच त्याचे उपयोगही दिसू लागले. स्टीव्ह जॉन्सन यांनी १९७५ मध्ये एका दुपारीत स्पेलिंग तपासणारा प्रोग्रॅम उभा केला तो असाच: मजकुरातला प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर, मग सॉर्ट, मग डुप्लिकेट काढणं, आणि उरलेली यादी शब्दकोशाशी ताडणं. एखादा शब्द लेखात दोनशे वेळा आला तरी कोशात तो एकदाच पाहायचा, हा त्यातला फायदा.

१९८६ चा किस्सा बऱ्याच जणांनी ऐकला असेल. जॉन बेंटली यांच्या प्रोग्रॅमिंगवरच्या सदरासाठी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द मोजणारा लांबलचक प्रोग्रॅम पास्कल या भाषेत लिहिला. त्यावर समीक्षा करताना मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा कमांडच्या एका पाइपमध्ये करून दाखवलं. त्याच्या मधोमध दोन सॉर्ट आणि त्यांच्यामध्ये मोजणी करणारी युनिक. हा किस्सा 'कनुथ हरले' अशा सुरात सांगितला जातो, तो मला अन्यायाचा वाटतो. प्रोग्रॅम वाचनीय लेखासारखा कसा लिहावा हे दाखवायचं काम त्यांना दिलेलं होतं, आणि ते त्यांनी चोख केलं.

सॉर्टची एक किंमत मात्र मोजावी लागते: ओळींचा मूळ क्रम जातो. लॉगसारख्या फाइलीत क्रमच गेला तर उरतं काय? तिथे ऑक (awk) ही मजकूर हाताळणारी छोटी भाषा कामी येते. आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी १९७७ मध्ये केलेल्या या भाषेत अ‍ॅरेचा, म्हणजे खात्यांच्या यादीचा, क्रमांक आकडाच असायला हवा असं बंधन नव्हतं. कुठलाही मजकूर चालायचा, अगदी अख्खी ओळसुद्धा. त्यातूनच ती प्रसिद्ध एका ओळीची युक्ती निघाली: आधी उद्गारचिन्ह, मग अ‍ॅरेचं नाव, चौकटी कंसात डॉलर-शून्य, शेवटी दोन अधिकचिन्हं. डॉलर-शून्य म्हणजे आताची पूर्ण ओळ. ती पहिल्यांदा दिसते तेव्हा तिच्या खात्यावर शून्य असतं, उद्गारचिन्हाने त्याचं 'खरं' होतं आणि ओळ छापली जाते. लगेच खातं एकने वाढतं, त्यामुळे पुढच्या वेळी तीच ओळ गप्प गिळली जाते. क्रम शाबूत आणि फाइल एकदाच वाचायची.

युनिकने जे टाळलं होतं तेच इथे केलं जातं, म्हणजे दिसलेलं सगळं लक्षात ठेवणं. ओळीला ६० बाइट धरले तरी १० कोटी वेगवेगळ्या ओळींचा नुसता मजकूरच ६ गिगाबाइट होतो, अ‍ॅरेचा पसारा त्यावर वेगळा. मेमरी संपली की यंत्र स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरीऐवजी संथ डिस्क वापरण्यात, रुततं आणि जुनी सॉर्ट बरी वाटू लागते. तेव्हा प्रत्येक ओळीला आधी क्रमांक चिकटवायचा, क्रमांक सोडून उरलेल्या मजकुरावर सॉर्ट करत डुप्लिकेट काढायचे आणि शेवटी क्रमांकानुसार पुन्हा लावायचं. दोनदा सॉर्ट होतं खरं, पण भार मेमरीऐवजी डिस्कवर जातो.

नावांचा घोळ जुनाच आहे. सॉर्टचा यू पर्याय प्रत्येक ओळीची एक प्रत ठेवतो. युनिकचा यू पर्याय फक्त कधीच न दुणावलेल्या ओळी ठेवतो, म्हणजे जोडीतल्या दोन्ही जातात. अक्षर एकच आणि अर्थ इतके लांबचे! मी एकदा या गफलतीत अर्धी यादी गमावली आहे. त्याहून वाईट म्हणजे सॉर्टचा निकाल शेलच्या बाणाने (>) त्याच फाइलीत वळवला होता तो दिवस. सॉर्ट सुरू होण्याआधीच शेलने फाइल रिकामी करून ठेवली होती. सॉर्टला निकालाची फाइल सांगणारा ओ पर्याय वेगळा आहे, आणि तो मूळ फाइलवरही चालतो.

'सारखी ओळ' म्हणजे नेमकी कुठली, हे १९७३ मध्ये सोपं होतं. सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडनंतर ते तसं राहिलं नाही. 'दुसऱ्या' या शब्दातला 'ऱ्य' हा ऱ, हलंत आणि य असा लिहिता येतो, तसाच साधा र, हलंत, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य असाही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, बाइट मात्र वेगळे, म्हणून सॉर्ट काय, युनिक काय आणि ऑक काय, तिन्ही त्या ओळी वेगळ्या समजून दोन्ही ठेवतात. विंडोजवरून आलेल्या फाइलीत हीच गत ओळीच्या शेवटी होते. तिथे टेलिटाइप या जुन्या तारयंत्री टंकयंत्राच्या काळातलं 'गाडी मागे न्या' (कॅरेज रिटर्न) हे अदृश्य चिन्ह चिकटून असतं, ते आधी झाडून काढावं लागतं.