राखणदार कुत्रा : धोक्याची पारख

घर, गोठा, शेत किंवा कळप राखणारा कुत्रा समोरची हालचाल नेहमीची आहे की धोक्याची हे ज्या रीतीने ताडतो आणि त्यावर जसा वागतो, त्यास त्याची धोक्याची पारख म्हणता येईल. चोर कुत्र्याला नुसत्या नजरेने ओळखू येतो, असे गावोगाव सांगतात. ते पुरते खरे नाही. कुत्रा हेतू पारखत नाही, तो रोजच्यापेक्षा वेगळे काय आहे तेवढे पारखतो. अनोळखी वास, अवेळ, दबकी चाल आणि मुख्य म्हणजे अंतर यांवरून त्याचा निवाडा ठरतो. त्यामुळे दुपारी रस्त्याने जाणाऱ्या ज्या माणसाकडे तो मान वर करूनही पाहत नाही, तोच रात्री कोठ्याच्या कुडाजवळ आला तर अंगावर धावतो.

विदर्भात तुरी-हरभऱ्याच्या दिवसांत जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या मचाणाखाली बहुधा गावठी कुत्राच असतो. माणसाला ऐकू येणारा ध्वनी सुमारे 20,000 हर्ट्‌झला संपतो, कुत्र्याला 45,000 हर्ट्‌झच्या आसपासपर्यंत ऐकू येते. म्हणून रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या बांधाशी, येण्याआधीच त्याचे कान टवकारतात. तो उठतो, अंगाचा भार पुढच्या पायांवर घेतो, शेपूट ताठ करतो, गुरगुरतो, मग खालच्या पट्टीत भराभर भुंकतो. मानेवरचे केस उभे राहणे हे रागाचेच लक्षण समजतात, पण भीतीनेही ते उभे राहतात. चावा ही या क्रमातली शेवटची पायरी होय. मात्र गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा मधल्या पायऱ्या गाळून थेट चावू शकतो. बिबट्याची गोष्ट निराळी. कुत्रा हे त्याचे भक्ष्यच असल्याने एकटा कुत्रा बहुधा माणसाकडे माघार घेतो, आणि यात भित्रेपणापेक्षा शहाणपण अधिक आहे.

जातीनुसार प्रतिसाद बदलतो. तुर्कस्तानच्या कंगाल किंवा हिमालयातल्या बखरवाल जातीचा कुत्रा कळप आणि श्वापद यांच्या मधे उभा राहून भुंकतो, आणि श्वापद हटले की सहसा दूरवर पाठलाग न करता परततो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत तयार झालेला डॉबरमन माणसापासून राखण करण्यासाठीच घडवलेला असल्याने झटकन पुढे सरसावतो. रॉटवायलर सहसा आधी जागेवर उभा राहून निरखतो.

जातीइतकेच संगोपनही महत्त्वाचे आहे. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लाने जी माणसे आणि जनावरे पाहिली, ती त्याच्या लेखी ‘आपली’ ठरतात. शेळ्यांत वाढलेले पिल्लू पुढे शेळ्या राखते ते यामुळेच. पोस्टमनवर रोज भुंकणाऱ्या कुत्र्याची चूकही अशीच शिकलेली असते. पोस्टमन पत्र देऊन आपल्या वाटेने जातो, कुत्र्याला मात्र तो भुंकल्यामुळे पळाला असे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी तो अधिक जोराने भुंकतो. दिवसभर साखळीने बांधलेल्या कुत्र्याला मागे हटण्याची वाट नसते, म्हणून मोकळा असता तर ज्या पाहुण्याला टाळून गेला असता, त्याच्यावरही तो झेप घेतो.