मसीहा : ज्यू आणि ख्रिस्ती धारणांतील भेद

मसीहा म्हणजे तेलाने अभिषेक झालेला, देवाने नेमलेला पुरुष. ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही धर्मांनी ही कल्पना एकाच हिब्रू धर्मग्रंथातून घेतली. ‘ख्रिस्त’ हे तिचेच ग्रीक रूप. ख्रिस्ती श्रद्धेनुसार नासरेथचा येशू हाच मसीहा; तो येऊन गेला आहे आणि पुन्हा येणार आहे. ज्यू श्रद्धेनुसार मसीहा अजून यायचा आहे. हा वाद पुष्कळदा ‘येशू मसीहा होता की नव्हता’ एवढ्यावरच आणून ठेवतात. खरे तर त्याच्या आधीचा एक प्रश्न अनुत्तरित आहे : मसीहाने करायचे काम कोणते, आणि ते झाले हे ओळखायचे कशावरून?

प्राचीन इस्राएलात राजांचा आणि याजकांचा तेलाने अभिषेक होई. शमुवेल संदेष्ट्याने आधी शौलाच्या आणि पुढे दावीदाच्या मस्तकावर तेल ओतले. यशयाच्या ग्रंथात तर इराणचा सम्राट कोरेश यालाही देवाचा अभिषिक्त म्हटले आहे, कारण बाबिलोनमध्ये अडकलेल्या ज्यूंना त्याने मायदेशी जाऊ दिले. म्हणजे ही पदवी मुळात हयात, सत्ताधारी माणसाची. ती भविष्याशी जोडली गेली पराभवामुळे. दावीदाचे सिंहासन सर्वकाळ टिकेल, असे वचन नाथान संदेष्ट्याने दिले होते. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेम आणि तेथील मंदिर उद्ध्वस्त केले आणि ते राजघराणे सत्तेवरून गेले. देवाचे वचन खोटे ठरणार नाही, आणि सिंहासन तर रिकामे. या पेचातून दावीदाच्या कुळात पुढे जन्माला येणाऱ्या राजाची आशा घट्ट झाली. संदेष्ट्यांनी त्या काळाची चित्रे रेखाटली ती याच पृथ्वीवरची : विखुरलेले इस्राएल एकत्र येईल, गरिबांना न्याय मिळेल, राष्ट्रे तलवारी मोडून त्यांचे फाळ करतील.

येशूच्या काळापर्यंत या आशेला अनेक फाटे फुटले होते. मृत समुद्राकाठी कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांत दोन मसीहांची अपेक्षा दिसते, एक अहरोनाच्या वंशातला याजक आणि एक इस्राएलाचा राजा. शलमोनाच्या नावावर असलेल्या स्तोत्रांतला मसीहा जेरुसलेममधून परकीयांना हुसकावणारा आहे, तर दानीएलाच्या दृष्टान्तात मानवपुत्रासारखा कोणी आकाशातील मेघांसह येतो. ज्यूंकडे मसीहाची एकच ठरलेली व्याख्या होती आणि येशू तीत बसला नाही, असे सरसकट सांगितले जाते. ते इतिहासाला धरून नाही.

रोमन सुभेदार पंतय पिलात याने इ.स. ३० च्या सुमारास येशूला वधस्तंभावर चढवले. ‘ज्यूंचा राजा’ हा आरोप वर लिहिलेला होता. हा मृत्यू ज्या अनुयायांनी पाहिला ते सगळे ज्यूच होते, आणि त्यांना बसलेला धक्का ख्रिस्ती बायबलच्या नव्या करारात लपवलेला नाही. लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य म्हणतात, इस्राएलाची मुक्ती करणारा तोच अशी आमची आशा होती. त्यातून हिब्रू धर्मग्रंथातील ‘अनुवाद’ या नावाच्या पुस्तकात झाडाला टांगलेला मनुष्य शापित म्हटला आहे. वधस्तंभावरचा ख्रिस्त ज्यूंना अडखळण ठरतो, असे ख्रिस्ती प्रेषित पौलाने स्वतः लिहून ठेवले आहे. तरीही ही चळवळ विझली नाही, कारण येशू मेलेल्यांतून उठला अशी तिची खात्री झाली होती. ही खात्री घेऊन जुने ग्रंथ पुन्हा वाचले गेले. यशयाच्या ५३ व्या अध्यायातला, इतरांच्या अपराधांसाठी घायाळ झालेला सेवक म्हणजे येशू, असा अर्थ लागला. मसीहाचे काम दोन आगमनांत विभागले गेले : पहिल्या आगमनात पापक्षमा, दुसऱ्यात न्याय आणि राज्य. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात शिष्य उठलेल्या येशूला विचारतात, “प्रभू, आपण याच काळात इस्राएलाचे राज्य पुन्हा स्थापन करणार काय?” काळवेळ जाणणे तुमच्याकडे नाही, असे उत्तर मिळते. जुनी आशा येथे नाकारलेली नाही, पुढे ढकललेली आहे.

ज्यू परंपरेला हे विभाजन पटले नाही. रब्बी (ज्यू धर्मगुरू) राशी (१०४०–११०५) यांनी यशयाचा दुःखी सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्रच असा अर्थ लावला आणि ज्यू भाष्यांत तोच रूढ झाला. मात्र दुःख भोगणारा मसीहा ज्यूंना अगदीच परका होता, हेही खरे नाही. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात, युद्धात मारल्या जाणाऱ्या योसेफवंशीय मसीहाचा उल्लेख येतो. शिवाय रोमच्या वेशीवर रोग्यांमध्ये बसून आपल्या जखमा बांधणाऱ्या मसीहाची कथा येते. “कधी येणार?” असे रब्बी यहोशुआ बेन लेवी विचारतात, तेव्हा “आज” असे उत्तर मिळते, आणि एलीया संदेष्टा त्याचा उलगडा करतो, की आज, तुम्ही देवाचे ऐकाल तर. या कथेतला मसीहा लोकांची पापे स्वतःवर घेऊन मरत नाही, तो लोकांच्या वागण्याकडे डोळे लावून बसला आहे. माझ्या मते दोन परंपरांतले अंतर याच ठिकाणी सर्वांत स्वच्छ दिसते.

कारण दोघांचे पापाविषयीचे निदानच वेगळे. पौलाच्या पत्रांवरून आणि पुढे संत ऑगस्टीनच्या शिकवणुकीतून पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मात आदिपापाचा सिद्धान्त घडला : आदामापासून मानवजात पापात जखडलेली आहे आणि स्वबळावर सुटू शकत नाही, म्हणून तारणारा हवा. ज्यू धर्म माणसात वाईट प्रवृत्ती मानतो, तिच्याबरोबरच चांगलीही मानतो. तोरा (देवाने दिलेले धर्मशास्त्र) पाळणे, चुकल्यास पश्चात्ताप करून परतणे आणि योम किप्पूर या वार्षिक उपवासाच्या दिवसाचे प्रायश्चित्त हा मार्ग माणसाला सदैव मोकळा आहे. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे पुन्हा बांधलेले, दुसरे मंदिर पाडले आणि यज्ञबळी थांबले, तेव्हा रब्बी योहानान बेन जक्काई यांनी शिकवले की दयेची कृत्ये हेही तितकेच प्रायश्चित्त आहे. पापक्षमेसाठी ज्यूला मसीहाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी भिंत मसीहाच्या स्वरूपाची. ‘देवाचा पुत्र’ हे शब्द हिब्रू ग्रंथांत दावीदवंशीय राजालाही लावले आहेत, पण तेथे त्यांचा अर्थ देवाने आपला म्हटलेला राजा एवढाच. ३२५ साली निकेया येथील धर्मपरिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले. देवाला देह नाही, हे श्रद्धासूत्र मानणाऱ्या ज्यूला हा मुद्दा मसीहाच्या प्रश्नापेक्षाही गंभीर वाटतो. एखाद्याला चुकून मसीहा मानणे ही चूक. माणसाला देव मानणे ही त्याच्या दृष्टीने मूर्तिपूजाच.

चुकीच्या माणसाला मसीहा मानण्याची चूक एका थोर रब्बीकडून घडलीही होती. १३२ ते १३५ या काळात रोमविरुद्ध उठलेल्या बार कोखबाला रब्बी अकिवा यांनी मसीहा मानले. जेरुसलेमच्या तालमूदमध्ये दुसरे एक रब्बी त्यांना सुनावतात : अकिवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल, तरी दावीदाचा पुत्र आलेला नसेल. बंड चिरडले गेले, बार कोखबा मारला गेला, पण अकिवांचा मान कमी झाला नाही. हाच दाखला घेऊन ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदीस (११३८–१२०४) यांनी कसोटी बांधली. मसीहाने चमत्कार करण्याची किंवा मेलेल्यांना उठवण्याची गरज नाही. दावीदाच्या कुळातल्या राजाने तोरा पाळली, मंदिर पुन्हा बांधले, विखुरलेल्यांना एकत्र आणले, तर तो मसीहा. त्यात तो अयशस्वी झाला वा मारला गेला, तर तो मसीहा नव्हे. या कसोटीवर पुनरुत्थान हा पुरावाच ठरत नाही. एवढे असूनही येशू आणि महंमद यांच्यामुळे मसीहाचा विषय दूरदूरच्या राष्ट्रांपर्यंत पोचला आणि खऱ्या मसीहाची वाट तयार झाली, असेही त्यांनी लिहिले. हा मजकूर छापील प्रतींतून दीर्घकाळ वगळला जात असे.

मध्ययुगात हा वाद बरोबरीच्या माणसांचा उरला नाही. सत्ता एका बाजूला होती. १२६३ साली बार्सेलोना येथे अरागोनचा राजा पहिला जेम्स याच्यासमोर रब्बी नाहमानिदीस यांना धर्मांतरित ज्यू पाब्लो क्रिस्तियानी याच्याशी जाहीर वाद करावा लागला. येशूच्या दिवसांपासून आजवर जग हिंसा आणि लुटीने भरलेले आहे, मग संदेष्ट्यांनी सांगितलेली शांती कुठे आहे, असे त्यांनी विचारले. आपला धर्म मसीहावर उभा नाही, असे सांगून ते राजाला म्हणाले की तुमच्या राज्यात पारतंत्र्य सोसून मी देवाची सेवा करतो तिचे पुण्य मोठे, म्हणून मला मसीहापेक्षा तुमचे मोल अधिक. ख्रिस्ती धर्मातून मसीहा काढला तर काही उरत नाही. ज्यू धर्मात तोरा मध्यभागी आहे. पुढे चर्चच्या दबावाखाली नाहमानिदीस यांना स्पेन सोडावे लागले.

म्हणून ज्यूंची आशा थंड होती असे नव्हे. रोजच्या प्रार्थनेत दावीदाच्या अंकुरासाठी आजही याचना होते. १६६५ मध्ये तुर्कस्तानातील स्मिर्नाचा साब्बाताय झ्वी याला मसीहा घोषित करण्यात आले, तेव्हा युरोपपासून येमेनपर्यंतचे ज्यू हेलावले. पुढच्याच वर्षी तुर्की सुलतानाच्या दरबारात त्याने इस्लाम स्वीकारला.

ग्रंथांच्या मांडणीतही हा भेद उतरला आहे. ज्यू बायबल सहसा इतिहासाच्या ग्रंथाने संपते. त्याच्या शेवटच्या ओळींत कोरेश राजा लोकांना जेरुसलेमला जाऊ देतो. ख्रिस्ती जुना करार मलाखीने संपतो, आणि मलाखीचे अखेरचे वचन एलीया येणार असल्याचे आहे. पान उलटले की नव्या करारात बाप्तिस्मा करणारा योहान उभा राहतो, आणि येशू त्यालाच तो एलीया म्हणतो. ज्यूंचा एलीया मात्र अजून वाटेवर आहे. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा पेला भरून ठेवतात. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजात तर एलियाहू हन्नबीला, म्हणजे याच एलीयाला, विशेष स्थान आहे. शुभकार्याला, नवस फेडताना पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा त्याच्या नावाने होतो, आणि अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. दुसरीकडे, गोव्यात १६१६ साली छापलेल्या फादर स्टीफन्स यांच्या मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराणात जुना करार ‘पहिले पुराण’ म्हणून येतो, येणाऱ्या तारणाऱ्याची पूर्वकथा म्हणून.

आधुनिक काळात दोन्ही बाजू हलल्या. अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींनी १८८५ च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्यात व्यक्तिरूप मसीहाऐवजी न्याय आणि शांतीच्या युगाची आशा मांडली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये येशूच्या मृत्यूचा दोष सर्व ज्यूंवर ठेवणे नाकारले. २००१ साली कॅथलिक चर्चच्या बायबलविषयक आयोगाने ज्यूंची मसीहाची प्रतीक्षा व्यर्थ नाही असे म्हटले. मात्र जो येईल त्याच्या ठायी आधी येऊन गेलेल्या येशूचीच लक्षणे असतील, ही ख्रिस्ती भूमिका त्याच दस्तऐवजात कायम आहे.